तुमच्या नावाचा वळू

बाबा,

पोळ्याचा दुसरा दिवस, सूर्य कासराभर वर आलेला. त्या वेळी नांदगाव खंडेश्वरच्या आपल्या वावरात, आंब्याखाली, तुम्ही आजोबांच्या नावाचा वळू पाडून खच्ची करवलात. वेळ मुद्दाम लिहिते. तुम्ही वकील, दिवस-वेळेवाचून तुम्हाला तक्रार ऐकूच येत नसे.

आजोबांच्या अकराव्याला तुम्हीच त्याच्या पुठ्ठ्यावर त्रिशूळ डागून त्याला सोडलं होतं. बुटका, भुरकट, आपल्या वऱ्हाडातल्या उमरडा जातीचा. कुणाच्याही पिकात तोंड घाली, पण काठी कुणी उगारत नसे. मेलेल्या माणसाच्या नावाचा तो. गावातली सारी वासरं त्याचीच. मग गुरांच्या खात्यातल्या साहेबांनी सरकारी फार्मवरचा थोराड वळू देऊ केला आणि तुम्हाला आपल्या गुरांची लाज वाटू लागली. गावातलं कुणी दोर धरेना, म्हणून माणसं परतवाड्याहून आणलीत. आपला गुराखी आडवा उभा आहे. "वकीलसायेब, तुमच्या बापाच्या नावाचा हाय तो! कावून पाप घेऊन राहिले?" तुम्ही म्हणता, "सोडलेल्या वळूला कायद्यानं मालक नसतो." मी फ्रॉकमध्ये तिथंच. विचारते, "मग तुम्ही कोण त्याला बांधणारे?"

"कॉन्व्हेंटमध्ये मोठ्यांना उलट बोलायला शिकवतात वाटतं!" त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही. तुम्ही ते पाहिलंत आणि अमरावतीला निघून गेलात.

फार्मच्या वळूची वासरं उंचीपुरी निघाली, दिसायला देखणी. त्यांना सरकी लागे, ढेप लागे. पाऊस फसला त्या साली ती काळ्या मातीत बसली ती उठलीच नाहीत. तुमच्याकडे ढेप होती. ज्यांच्याकडे एकच जोडी, त्यांची वावरं पडीक राहिली. जुन्या रक्ताची गुरं मात्र वाळल्या कडब्यावर औत ओढत होती. पण उरली होतीच किती!

आता शाळेतून निवृत्त होऊन मी त्याच गावात राहते. शेजारची माळीण भाजीच्या मळ्यात त्या रक्ताची शेवटची गाय राखून आहे. तिला गोऱ्हा झाला, तो आता भरला आहे. काल माळीण माझ्या दारात येऊन बसली. "बाई, पोळा झाला का माहा पोरगा याले खच्ची करून औताले जुंपते. देवाचा करून सोडा, मंग कोनी हात लावत नाई."

"मग सोड."

"तसा सोडता येते का? मेलेलं मानूस लागते. जित्त्याचं नाव चालत नाई. आमच्या मेल्यायची नावं देऊन झाली."

माझ्या हातात मेलेला माणूस एकच आहे. भटजींनी नाक मुरडत का होईना, मुलीच्या हातून चालेल म्हणून सांगितलं. म्हणजे ज्यानं ही जात बुडवली, त्याच्याच नावानं ती तगायची, आणि गावानं तुमच्या नावाला हात जोडायचे! हे मला मुळीच मान्य नाही. तुम्हाला मान्य आहे का, ते लेखी कळवा. मुदत परवाची, तुमच्या श्राद्धाची सकाळ, त्रिशूळ तापून लाल होण्याच्या आत. त्यानंतर आलेलं उत्तर विचारात घेतलं जाणार नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. आणि एक सांगून टाकते: माळणीनं नाव विचारलं तेव्हा तुमचं सांगायला मी जरासुद्धा थांबले नाही.