द्राक्षाची जपानी गोळी

आबा,

गेल्या शनिवारी लेकीला घेऊन सामान आणायला गेले होते. ती आता अठरा वर्षांची आहे. कॉलेजला जायला तीन आठवडे राहिलेत, तिथल्या खोलीसाठी चादरी, टॉवेल, टेबलावरचा दिवा असं काय काय घ्यायचं होतं. पैसे द्यायच्या रांगेत उभ्या राहिलो तर बाजूच्या फळीवर चघळायच्या गोळ्यांची ती लांबट जपानी पाकिटं लावलेली. तिने द्राक्षाचं, जांभळं पाकीट उचललं, उलटं करून मागचं वाचलं आणि परत ठेवलं. गेली तीन वर्षं ती मांस खात नाही. कुणी सांगितलं नाही, स्वतःच्या मनाने सोडलंय, त्यामुळे पाकिटं वाचायची सवय तिलाही लागली आहे. गाडीत बसल्यावर बेल्ट लावता लावता तिने विचारलं, "मॉम, आबांना तू नंतर कधी सांगितलंस का?" मी नाही म्हणाले. ती "ओके" म्हणाली आणि फोन बघायला लागली. मी ड्राइव्ह करत घरी आले, नव्या चादरी धुवायला टाकल्या, भात लावला. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तिला एवढं सगळं लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

रविवारचं मटण आपल्याकडे तुम्ही करायचात. आठवडाभर फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडापुढे उभे राहणारे तुम्ही सुट्टीच्या दिवशी पुन्हा मागच्या अंगणात जाळापुढे बसायचात, लुंगी गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेली, कपाळावरचा घाम दंडाने पुसत. आईला त्या दिवशी फक्त भाकरी करायची परवानगी असायची. नळी माझी. ताटाच्या कडेवर आपटून आतला मगज तुम्ही माझ्या भातावर पाडायचात आणि दादाकडे बघून म्हणायचात, तिला डोकं चालवायचंय. मग मी नऊ वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला. त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. छताचा पंखा आठवतो आणि तुमच्या शर्टाचा जळकट वास. पुढचं आईकडून कळलेलं. काही खरं नाही असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी तुम्ही दवाखान्यातून चालत घरी गेलात, देव्हाऱ्यातल्या देवीपुढे बसलात आणि म्हणालात, पोरगी उठू दे, मी जन्मात मटण-मासळीला शिवणार नाही. मी उठले.

घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी तुम्ही नेहमीसारखंच मटण केलंत. आम्हाला वाढलंत आणि स्वतः आमटी-भात घेऊन बसलात. तेव्हापासून रस्सा चाखून बघायचं बंद झालं. तुम्ही वाटीत थोडा काढायचात, फुंकून गार करायचात आणि माझ्यापुढे धरायचात. "मीठ बघ." मी बघायची, कमी आहे की बरोबर ते सांगायची. लग्न होऊन इकडे येईपर्यंत तुमच्या मटणाचं मीठ मीच बघत होते. तुम्हाला त्याचा मोह होत असेल का, हे मी कधी विचारलं नाही. वास तर येतच असणार.

पंधरा वर्षांची असताना मामेबहिणीच्या लग्नात मी चार मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगत होते, की माझ्या वडिलांनी माझ्यासाठी मटण सोडलंय. तुम्ही ते ऐकलंत. मला हाताला धरून मांडवाच्या मागे नेलंत, जिथे आचाऱ्यांची मोठी भांडी पालथी घातलेली होती. आवाज चढवला नाहीत. "ते माझं आणि देवीचं हाय. तू मधी यायचं न्हाई." एवढंच बोललात आणि पंगतीत वाढायला निघून गेलात. मला रडू आलं होतं. नंतर तो विषय आपल्यात कधी निघाला नाही.

आई गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मी तुम्हाला इकडे अमेरिकेत, बॉथेलला आणलं. तुम्ही एकटे पहिल्यांदाच आलात. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, झोपेची एक होती, आणि त्यांतल्या कशाने तरी तुमचं तोंड कोरडं पडलेलं. तोंडाचं लाकूड झालंय म्हणायचात. मी भाकरी करायची, पिठलं करायची, कोल्हापूरहून आणलेल्या चटणीत तेल घालून द्यायची. तुम्ही दोन घास खाऊन ताट सरकवायचात, तेही अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं होतं. इथल्या डॉक्टरांनी एक गोळी बदलली, फरक पडला नाही. मला रजा नव्हती. आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि दोन दिवस ऑफिस, असं मी जमवलं होतं. तुम्ही दिवसभर मागच्या डेकवर खुर्ची टाकून शेजाऱ्यांच्या झाडांकडे बघत बसायचात.

तेव्हा तुमची नात सात वर्षांची होती. मैत्रिणीच्या वाढदिवसातून तिला ते पाकीट मिळालं. मेणकागदात गुंडाळलेल्या चौकोनी गोळ्या, बाहेरून जांभळट, आतून पांढऱ्या. तिने एक सोलून तुमच्या हातावर ठेवली. तुम्ही बराच वेळ चघळलीत आणि मग मला विचारलंत, "ह्ये थुकायचं कवा?" मी सांगितलं की थुंकायचं नाही, आपोआप विरघळतं. तुम्ही डोळे मिटून बसलात. ती विरघळल्यावर म्हणालात की तासगावच्या द्राक्षासारखी लागते, फक्त बी नाही. आणि त्या दुपारी तुम्ही दीड भाकरी खाल्लीत. मी मोजत होते. तोंडाला पाणी सुटतंय, म्हणालात. तेव्हापासून ती पद्धतच पडली. जेवणाआधी अर्धा तास नात गोळी आणून द्यायची, तुम्ही दोघं डेकवर बसून चघळायचात, आणि मग तुम्ही जेवायचात. कागद तुम्ही टाकून देत नव्हतात, नखाने सरळ करून एकावर एक रचायचात. महिन्याभरात घड्याळ मनगटावर थांबायला लागलं.

पाकीट संपलं तेव्हा मी मोठी पिशवी आणायला गेले. माझं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही. औषधाच्या खोक्यावर आणि आतल्या पत्रकावर काय छापलंय, ते खरं आहे का, काही राहिलंय का, हे तपासायचं. आठ तास तेच. त्यामुळे दुकानातही माझा हात पिशवी आपोआप उलटी करतो. साखर, सिरप, तेल आणि मग जिलेटिन. ते कशापासून होतं ते मला माहीत होतं. हाडं आणि कातडं. कुठल्या जनावराचं ते तिथे लिहिलेलं नव्हतं आणि मी शोधलं नाही. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि पिशवी ट्रॉलीत टाकली. काही वाटलं का, तर मला वाटतं की नाही. वाटलं असेल तर आता सापडत नाही.

एकदा मी प्रयत्न केला, हेही सांगते. दुसऱ्या दुकानातून फळांच्या रसाच्या, जिलेटिन नसलेल्या गोळ्या आणल्या. तुम्ही एक खाल्लीत, चांगली आहे म्हणालात आणि बाकीच्या नातीला देऊन टाकल्यात. दोन दिवस जेवण पुन्हा कमी झालं. तिसऱ्या दिवशी मी जांभळी पिशवी कपाटातून काढून पुढे ठेवली.

मग तो बुधवार. मी घरी आहे. दुपारचं जेवण टेबलावर मांडलंय, तुम्ही हात धुऊन बसलाय, गोळी अजून घ्यायची आहे. नात पिशवी घेऊन आली आणि मागचं मोठ्याने वाचायला लागली. तेव्हा तिला नवीनच वाचता येत होतं, समोर येईल ते वाचायची. जिलेटिनवर ती अडली, अक्षरं जोडून शब्द लावला आणि म्हणाली की तिची एक मैत्रीण जिलेटिन खात नाही, कारण ते लोक व्हेजिटेरियन आहेत. हे तिने इंग्रजीत सांगितलं, पण तेवढा शब्द तुम्हाला कळला. तुम्ही सोललेली गोळी कागदावर ठेवलीत आणि माझ्याकडे बघितलंत.

"जिलेटिन म्हंजे काय गं?"

"समुद्रातल्या शेवाळाचं असतं, आबा. आपण चायना ग्रास म्हणतो ना, तसलं."

"मग चालतंय," म्हणालात आणि गोळी तोंडात टाकलीत.

इतकंच झालं. तुम्ही मला दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. नातीने मात्र माझ्याकडे बघितलं, आणि मी पाणी आणायला ओट्याकडे गेले तेव्हा मागे येऊन हळूच विचारलं की हे खरंच शेवाळाचं असतं का. मी म्हटलं, आबांना जेवू दे. ती गेली. त्यानंतर तिने तुम्हाला गोळ्या आणून देणं सोडलं. तुम्ही स्वतः उठून घ्यायला लागलात. खेळण्यात रमली असेल, म्हणालात.

परत जाताना तुमच्या बॅगेत मी दोन पिशव्या भरल्या. कोल्हापुरात तुम्ही त्या पुरवून पुरवून खाल्ल्यात, फाउंड्रीतल्या जुन्या मंडळींना वाटल्यात, दादाच्या पोरांना दिल्यात. एका शुक्रवारी फोनवर खुशीत होतात. म्हणालात, "आज देवीम्होरं पन ठिवली एक. लेकीकडची म्हणून." मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवतं का? मी म्हणाले, बरं केलंत. मग पाऊसपाणी, दादाची बदली, नातीचे पडलेले दात असं बोललो आणि मी फोन ठेवला.

पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही गेलात. सकाळी चहा मागितलात आणि वहिनी तो घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. घर माणसांनी भरलेलं, मी वहिनीबरोबर चहाचे ट्रे फिरवत होते. फाउंड्रीतले तुमचे एक सोबती, नेहमी तुमच्या शेजारच्या भट्टीवर असायचे ते काका, भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे बोट करून ते सगळ्यांना सांगायला लागले की ह्या पोरीसाठी माणसानं शब्द दिला आणि तीस वर्षं पाळला, तोंडात एक तुकडा घेतला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली आणि त्यांच्यापुढे कप धरला. त्यांनी साखर आहे का विचारलं. मी आहे म्हटलं.

तुमच्या कपाटात, पैरणीच्या घडीखाली, चार गोळ्या निघाल्या. उन्हाळा नसूनही कागदाला चिकटून बसलेल्या. वहिनीने विचारलं, टाकू का? मी म्हटलं, टाका.

नवऱ्याला मी हे सगळं फार उशिरा सांगितलं. तो म्हणाला, तू त्यांना जेवतं ठेवलंस, त्यात चूक काय, आणि देवी असेल तर तिलाही ते कळत असणार. चांगला माणूस आहे तो. लेकीने शनिवारी जास्त काही विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं, तयार होतं माझ्याकडे. नवस तुम्ही माझ्या जिवासाठी केलात, मी तो तुमच्या जिवासाठी मोडला, असं म्हटलं की किती बरं वाटतं ऐकायला. दहा वर्षं मी स्वतःशी तसंच म्हणत आले आहे, आणि त्याने मला काही बरंही वाटलेलं नाही आणि वाईटही. हे लिहून झालं की मी फाइल बंद करणार आहे. सेव्ह करू का असं विचारेल तेव्हा नको म्हणेन.

पण त्या बुधवारी मी तुमच्या जेवणाचा विचार केला नव्हता, आबा. साडेबाराला माझा कॉल होता. लॅपटॉप पलीकडच्या खोलीत उघडा होता, बारा वाजून पंचवीस मिनिटं झालेली. जिलेटिन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला बसले असते तर तुम्ही विचारात पडला असतात, जेवला नसतात, मला तुमच्यापाशी बसावं लागलं असतं. चायना ग्रास म्हटलं की विषय संपत होता. म्हणून म्हटलं. आणि मी कॉलला वेळेवर हजर होते.