अरवाच्या जाळीची दोरी

प्रिय मैमुना भाभी,

सलाम. तू रत्नागिरीला परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आणि राहून जातं. इथे सगळं ठीक आहे. तुझी लेक अरवा जेवते, कॉलेजला जाते, माझ्याशी इंग्रजीत बोलते. शारीकचा इकाम्याचा परवाना, गाडी, बँक, सगळी कामं खलास. भावाला मातीत ठेवून आल्यापासून मी रडलेच नाहीये. जेद्दाच्या उन्हात जा-ये करते, ऑफिसात चहा पिते आणि मला काहीच वाटत नाही.

अरवाच्या लॅक्रॉसवरून तू तिला चिडवायचीस, काठीला जाळं बांधून मासे पकडायला चाललीस का म्हणून. शारीकने ते मनावरच घेतलं होतं. विकतची जाळी काढून टाकली आणि दोरी आणून स्वतः विणली, अब्बांनी आम्हा दोघांना अंगणात शिकवलेल्या गाठीने. खेळून खेळून ती दोरी सैल होत गेली.

कॉलेजात काठ्या तपासायचं काम माझं, तुला ठाऊक आहे. काठी डोळ्यांसमोर आडवी धरायची, जाळीत चेंडू ठेवायचा. काठाच्या वर चेंडू दिसला तर काठी चालते, बुडाला तर बाद, कारण खोल जाळीतला चेंडू कुणाला पाडता येत नाही. सामन्याआधी मी अरवाला सांगितलं होतं, दोरी ओढून घे. अब्बूच्या गाठी कुणी सोडायच्या नाहीत, एवढंच ती म्हणाली. चेंडू जेमतेम दिसत होता, मी जाऊ दिलं.

शेवटचा गोल तिचाच. पोरी नाचत होत्या, तेवढ्यात समोरच्यांनी काठी तपासायला लावली. मी तिची फुप्पी, बापाची सख्खी बहीण, म्हणून दुसऱ्या पंचबाईंनाही बोलावलं. चेंडू बुडाला होता. गोल रद्द झाला, आम्ही हरलो. तेव्हाही मला काही वाटलं नाही, आणि भाभी, त्याचीच मला भीती वाटली. त्यानंतर ती संघ सोडते म्हणाली. फुप्पीने अब्बूची काठी बाद केली, हे तिने तुला फोनवर सांगितलंच असेल. तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस.

आज सकाळी तिने काठी आणून माझ्या मांडीवर ठेवली. पुढचा सामना तिला खेळायचाय. गाठी तूच सोड, म्हणाली. मी एकेक सोडली, नवी दोरी घेतली, तीच गाठ तिला शिकवत घट्ट विणली. चेंडू आता छान वर दिसतो. जुन्या दोरीची वरची एक गाठ मात्र सुटेना. शारीकने तिथे दोन वेढे जास्त दिले होते आणि टोक लायटरने जाळलं होतं. लहानपणापासून त्याचं असंच, बुटाची नाडीसुद्धा दुहेरी बांधायचा. शेवटी मी गाठीखालून दोरी कापली. अरवा खूप रडली. माझे डोळे कोरडेच राहिले. ती गाठ या पाकिटात घातली आहे, तुझ्यापर्यंत पोचावी म्हणूनच हे पत्र. सोडू नकोस ती. आणि हातात घेतल्यावर तुला रडू आलं तर मला फोन लाव, काही बोलू नकोस, मी नुसती ऐकत राहीन.

तुझीच,
उझमा