काळजीवाहक सासूबाई, रुग्ण जावई

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
कुटुंब-काळजीवाहक विभाग,
पहिला मजला, लिफ्टच्या समोर (लिफ्ट बंद आहे ती)

विषय : प्रशिक्षणाच्या नोंदीत रुग्ण व काळजीवाहक यांची अदलाबदल झाल्याने, धडधाकट इसमास निवासी केंद्रात न हलवण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ज्यात माझा उल्लेख 'अंथरुणाला खिळलेले' असा आहे.

महोदय,

मी, व्यवसायाने शिंपी व नात्याने जावई, सविनय सादर करतो की, मी अंथरुणाला खिळलेला नाही. हा अर्ज मी शिलाई मशीनच्या फळीवर कागद ठेवून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मध्ये उठून सासूबाईंना पाणी दिले, त्यांची उशी सारखी केली आणि पुन्हा येऊन बसलो. खिळलेल्या माणसाला एवढे जमत नाही, हे आपणही मान्य कराल.

१. प्रथम घरातील परिस्थिती. माझ्या सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होत्या. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात व डावा पाय गेला. आवाजाला मात्र झटक्याने बोटही लावले नाही. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी पत्नी, बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी असते आणि तिची पाळी दर आठवड्याला बदलते. माझे मशीन घरातच आहे. त्यामुळे सासूबाईंना कोण सांभाळणार, यावर आमच्याकडे कधी चर्चाच झाली नाही. नातेवाईक, शेजारी, गिऱ्हाइके, सगळे एकमुखाने म्हणाले, "तुम्ही काय, घरीच तर असता." घरी असणे हा माझा धंदा आहे, विश्रांती नव्हे, हे सांगायला मला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात सासूबाईंना उठून बसायचे होते.

त्यांना उठवायचे कसे, हे मला कोणी शिकवले नव्हते. कापडाचा गठ्ठा जसा उचलतात तसे मी उचलत आलो. हात खाली घालायचे, श्वास रोखायचा आणि वर. गठ्ठा तक्रार करत नाही, सासूबाई करत, एवढाच फरक.

२. अशात आपल्या कार्यालयाची सूचना वाचनात आली. घरच्या माणसाची विनावेतन काळजी घेणाऱ्यांना मोफत प्रशिक्षण, आणि प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याच्या घरी आठवड्यातून एक दुपार बदली मदतनीस. खरे सांगतो, मला प्रशिक्षणाइतकीच त्या दुपारची ओढ होती. पत्नीची सुट्टी सोमवारी असते. ती घरी असली की मी बाहेरची कामे उरकतो, मी घरी असलो की ती. दोघांनी मिळून उंबरठा ओलांडावा आणि तळ्याकाठच्या बाकावर काहीही न करता बसावे, एवढीच आमची योजना होती. यात गैर काही नसावे.

अडचण एकच होती. सूचनेत तळाशी लिहिले होते, 'रुग्णास सोबत आणू नये.' आणि त्याच सूचनेत वर लिहिले होते, 'रुग्णास एकटे सोडू नये.' या दोन ओळी लिहिणाऱ्या साहेबांची एकमेकांशी ओळख नसावी. पत्नीला रजा मिळाली नाही. म्हणून मी सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून सोबत नेले. दारातल्या टेबलावरचे लिपिक भले गृहस्थ होते. आम्हा दोघांकडे पाहून ते म्हणाले, "जा आत दोघंही. कोण कुणाचं बघतं, ते शिकवणाऱ्या बाई आत लिहून घेतील." रुग्ण कोण व काळजीवाहक कोण, हा रकाना त्यांनी कोरा ठेवला. या प्रकरणाचे मूळ त्या कोऱ्या रकान्यात आहे.

३. सभागृहात पुढे एक खाट मांडली होती. अंथरुणातल्या माणसाला कुशीवर कसे वळवावे, हे दाखवायला प्रशिक्षिका बाईंना कोणीतरी आडवे व्हायला हवे होते. सगळे एकमेकांच्या पाठीमागे सरकले. खुर्चीच्या चाकांमुळे आम्हाला पहिल्या रांगेत बसवले होते, सबब मला मागे सरकता आले नाही. मी आडवा झालो. गादी कापसाची होती की फोमची, हे पाहण्याइतका वेळदेखील मी जागा राहिलो नाही.

पुढचे सर्व मला शेजारच्या खुर्चीवरील ड्रायव्हर गृहस्थांकडून कळले, जे आपल्या थोरल्या भावाला सांभाळतात. बाईंनी मला डावीकडे वळवले, उजवीकडे वळवले, माझ्या अंगाखालची चादर बदलली, उशी लावून अर्धवट बसवले. मी हूं की चूं केले नाही. सुरुवातीला सगळ्यांनी अभिनयाची तारीफ केली. नंतर तारीफ थांबली.

त्याच वेळी पहिल्या रांगेत सासूबाई उत्तरे देत होत्या. बाईंनी विचारले, उठवण्याआधी काय करावे? सासूबाई म्हणाल्या, "आधी सांगावं. न सांगता उचललं की जीव घाबरा होतो." बाईंनी विचारले, मग? "मग पाय जमिनीला टेकू द्यावेत. माणूस काही हवेतून आलेला नसतो." अशी एकेक उत्तरे, तीही एक्स्चेंजच्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट. बाई खूश झाल्या. एक माणूस जागा, हुशार आणि सर्व काही जाणणारा. दुसरा हलवूनही न जागा होणारा. कोण कुणाचे बघते, हे लिहायला त्यांना विचारावे लागले नाही.

मला टाळ्यांनी जाग आली. सासूबाई उजव्या हाताने प्रमाणपत्र स्वीकारत होत्या. बक्षीस असेल असे वाटून मीही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन वाचले तेव्हा कळले. काळजीवाहक म्हणून सासूबाई, रुग्ण म्हणून मी, आणि लक्षणांपुढे 'हाक मारल्यास प्रतिसाद नाही'. पत्नीच्या मते हे लक्षण लग्नापासूनचे आहे.

४. यथावकाश सोमवारी मदतनीस बाई आल्या. अत्यंत कर्तव्यदक्ष. पत्नी त्या वेळी तुटलेली चप्पल शिवून आणायला कोपऱ्यावर गेली होती, कारण आम्हाला तळ्यावर जायचे होते. मदतनीस बाईंनी हातातला कागद वाचला, सासूबाईंना गॅलरीत नेऊन बसवले, "आजी, आज तुमची सुट्टी," असे म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी सांगितले की मी ठणठणीत आहे. त्या समजुतीने हसल्या. त्यांच्या कागदावर छापलेलेच होते की, रुग्ण आपण बरे असल्याचा आग्रह धरील, त्याच्याशी वाद घालू नये. त्यांनी वाद घातला नाही, झोपवले.

पत्नी नवी शिवण घातलेली चप्पल पायात घालून परत आली, तेव्हा मी गळ्यापर्यंत पांघरुणात होतो आणि मला चमच्याने सूप भरवले जात होते. गॅलरीत सासूबाई कोमट पाण्यात पाय सोडून रस्ता बघत होत्या. पत्नीने प्रकरण समजावण्याचा प्रयत्न केला, परंतु तिला हसू आवरेना. हसता हसता ती जमिनीवरच बसली. इतकी हसताना मी तिला फार दिवसांत पाहिले नव्हते. त्यामुळे सूप संपेपर्यंत मी पडून राहिलो. तळे राहिले ते राहिलेच, कारण रुग्णाला बाहेर नेण्याचा कागद मदतनीस बाईंकडे नव्हता.

५. नोंद दुरुस्त करावी म्हणून मी आपल्या कार्यालयात आलो. तेथे समजले की, रुग्णास स्वतः अर्ज करता येत नाही, त्यावर काळजीवाहकाची प्रतिस्वाक्षरी लागते. रुग्णाला जमत नसेल तर त्याच्या वतीने काळजीवाहकाने एकट्याने सही केली तरी चालते, उलट सोपे जाते. मी म्हटले, लिफ्ट बंद असताना मी जिना चढून आलो आहे, यावरून तरी मी रुग्ण नाही हे दिसावे. खिडकीतले साहेब म्हणाले, "जिना चढलात? छान. प्रगती आहे, लिहून घेतो."

त्यांनी खरोखर लिहून घेतले. त्यानंतर आपले निरीक्षक घरी येऊन गेले. काळजीवाहक स्वतः अर्धांगवायूने आजारी आहेत, हे त्यांच्या चाणाक्ष नजरेतून सुटले नाही. आणि मग संदर्भातील पत्र आले : 'काळजीवाहक असमर्थ आढळल्याने रुग्णास निवासी केंद्रात हलवण्यात येत असून, येत्या सोमवारी दुपारी गाडी पाठवण्यात येईल. मदतनीस रुग्णाचे कपडे भरून ठेवतील. काळजीवाहक यांनी घरी निवांत विश्रांती घ्यावी.'

महोदय, निवांत विश्रांती कशी घ्यावी? पत्नी कारखान्यात आणि मी केंद्रात गेल्यावर घरात ज्या एकट्या उरतील, त्यांना स्वतः कूसही बदलता येत नाही. येथवर मी हसत होतो. हे पत्र वाचून मात्र मला भीती वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

६. आता एक गोष्ट, जिने माझी बाजू कमकुवत होईल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्रमाणपत्र मिळाल्यापासून सासूबाईंनी नेमणूक मनावर घेतली आहे. प्रशिक्षणात सांगितले होते की, ज्याची काळजी घ्यायची त्याला रोज विचारावे. म्हणून सकाळी मी चहा घेऊन गेलो की त्या आधी मला विचारतात, "झोप लागली का? पोटात काही गेलं का? दुखतंय का कुठे?" पहिले काही दिवस मी म्हणत असे, सगळे ठीक. त्यावर उत्तर येई, "लाइन साफ नाही. पुन्हा बोला."

एके सकाळी माझ्या तोंडून निघून गेले की, पाठ दुखते. वाकले की कळ पायापर्यंत जाते. हे मी कोणालाही सांगितले नव्हते, पत्नीलाही नाही, कारण सांगून उचलायला दुसरे कोण येणार होते? सासूबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला उचलून?" मी नाही म्हटले. त्या म्हणाल्या, "जावईबापू, थापा मारू नका."

त्याच दिवशी त्यांनी मला शिकवले. त्यांचा उजवा पाय शाबूत आहे. पाय जमिनीला टेकवला आणि थोडे पुढे झुकवले, की त्या स्वतः जोर लावू शकतात. मी फक्त कंबरेला धरायचे. मी विचारतो, "आई, तयार?" त्या एक्स्चेंजच्या सवयीने म्हणतात, "जोडते," आणि उभ्या राहतात. मी चिडून विचारले, मग इतकी वर्षे बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कुठे? येता आणि उचलता. मला वाटलं, घाईत आहात, मध्ये कशाला बोला."

महोदय, मला स्वतःचा राग आला. नंतर आपल्या सूचनेतल्या त्या तळाच्या ओळीचा आला. रुग्णास सोबत आणू नये. मी नियम पाळला असता, तर उचलण्याची उत्तम पद्धत शिकून आलो असतो आणि जिला उचलायचे तिला काय येते, हे मला कधीच कळले नसते. आणि दुसरेही सांगतो. या घरात येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारतो, "सासूबाई कशा आहेत?" त्यात वाईट काही नाही. पण मी कसा आहे, हे मला प्रथम विचारले ते चुकीने मिळालेल्या प्रमाणपत्राने.

७. सबब नम्र विनंती की, सोमवारची गाडी रद्द करावी. माझी नोंद काळजीवाहक म्हणून करावी व मला पुन्हा प्रशिक्षणास बसू द्यावे. बसूच द्यावे, खाटेजवळ नेऊ नये. सासूबाईंना माझ्याबरोबर येऊ द्यावे, आणि त्या ड्रायव्हर गृहस्थांच्या भावालाही. मदतनीस बाईंना कळवावे की, सोमवारी दुपारी गॅलरीत बसणाऱ्या व्यक्तीकडे लक्ष द्यायचे असून शिंप्यास मोकळे सोडायचे आहे. मात्र सासूबाईंचे प्रमाणपत्र परत मागू नये. ते त्यांनी मशीनसमोरच्या भिंतीवर, माझ्या नजरेसमोर लावून घेतले आहे. एकाच घरात दोन काळजीवाहक आणि दोन रुग्ण, आणि ती मिळून माणसे मात्र दोनच, असे लिहायला आपल्या तक्त्यात जागा नसेल, तर ती करावी. कापड कमी पडले तर आम्ही जोड देतो, तसे काही करता येईल.

प्रतिस्वाक्षरीसाठी हा अर्ज सासूबाईंना वाचून दाखवायचा आहे. त्या आत्ताच पडल्या आहेत. त्या उठेपर्यंत थांबतो, मग सही करतो.

सोबत :
(अ) आपले पत्र.
(आ) प्रमाणपत्राची प्रत (मूळ प्रत भिंतीवरून काढू दिली जात नाही).
(इ) मी उभा असल्याचा फोटो.

आपला, चालता-फिरता,

(अर्जदाराची सही)

काळजीवाहकाचा शेरा :

अर्जदाराची सही झालेली नाही, कारण अर्जदार मशीनवर डोकं ठेवून झोपले आहेत. मुलगी कामावरून आली, तिने त्यांच्या कोपराखालून कागद अलगद काढून माझ्या हातात दिला. रुग्णाच्या वतीने काळजीवाहकाला सही करता येते, असा तुमचा नियम आहे. तो मी वापरत आहे.

मजकूर तपासला. खरा आहे. पाठीचं दुखणं कमी करून लिहिलं आहे, ते वाढवून वाचावं.

सोमवारची गाडी रद्द करू नका. मदतनीस बाई त्या दुपारी माझ्याजवळ बसतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. गाडी रिकामी कशाला परत जाईल? या दोघांना तळ्यापर्यंत सोडावं आणि अंधार पडायच्या आत घरी आणावं. गाडीच्या ड्रायव्हरला सांगावं, खाली येऊन हॉर्न वाजवू नये. मी गॅलरीत असेन, वरून हाक मारीन, माझा आवाज पोहोचतो.

अर्जदारांना आत्ता उठवत नाही.

(सही)
सासू, प्रमाणित काळजीवाहक
शुक्रवार, चहाच्या आधी