पहिल्या ख्रिस्तशरीराचा चुकलेला रविवार

आई, आज चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेत तेच वाचन आलं. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाला आठवतं की कुणाच्या तरी मनात आपल्याविषयी काही आहे. त्यानं अर्पण तिथंच ठेवून आधी त्या माणसाकडे जायचं. इथले फादर तरुण आहेत, भराभर वाचतात. त्यांचं वाचून झालं, सगळे खाली बसले आणि मी आपली उभीच. शेजारच्या बाईंनी पदर ओढला तेव्हा भानावर आले. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी हे वाचन मला तुझ्याच आवाजात ऐकू येतं.

बाबा गेल्यावर तुझी जुन्नरच्या दवाखान्यात नर्स म्हणून बदली झाली, तेव्हा मी पाच वर्षांची होते. गावात आपल्यासारखी घरं तीन. दोन महिन्यांतून एकदा मिशनातून फादर यायचे आणि आपल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, टेबलावर पांढरी चादर घालून, मिस्सा व्हायची. बाकीचे दिवस तू चालवायचीस. चूल पेटवण्याआधी शुभवर्तमानातला त्या दिवसाचा भाग वाचायचीस, पुस्तक मिटायचीस आणि विचारायचीस, "मग आज काय करायचं?" कळलं का, असं तू कधीच विचारलं नाहीस. चुलीशेजारी मिशनचं कॅलेंडर होतं, त्यावर रोजचा संत. भिकाऱ्याला आपला झगा कापून देणाऱ्या संताच्या दिवशी तू आपलं एकुलतं जाड कांबळं खरोखरच कात्रीनं कापलंस, अर्धं दवाखान्यातल्या एका बाळंतिणीला दिलंस. त्या थंडीत आपण दोघी उरलेल्या अर्ध्यात पाय पोटाशी घेऊन झोपायचो. संत योसेफाच्या सणाला समोरचे सुतार जेवायला असायचे. पोळीवर तूप पडलं की लाजून म्हणायचे, "बाई, तुमच्या देवाचा बाप सुतार व्हता, म्हून आमची चैन." घशाचे आजार बरे करणाऱ्या संताच्या दिवशी तू गल्लीतल्या पोरांच्या गळ्याला दोन मेणबत्त्यांची फुली लावायचीस आणि लगेच बॅटरी घेऊन सगळ्यांचे घसे तपासायचीस.

मी आठ वर्षांची झाले त्या पावसाळ्यात एका रविवारी माझं पहिलं ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं, ठरलं. पांढरा फ्रॉक तू स्वतः शिवलास. पवित्र मातेचं एक चांदीचं पदक तू मला आधीच दिलं होतंस. ते घालून मी कुकडीवर गेले. नदीवर जायची मला मनाई होती. पदक पाण्यात पडलं. घरी आल्यावर तू विचारलंस तेव्हा मी मैत्रिणीचं नाव घेतलं, तिनं ते चोरलं म्हणून. कागदी मोहल्ल्यात हातकागद करणाऱ्यांची ती मुलगी, शाळेत माझ्याच शेजारी बसायची. तू त्यांना एक शब्दही बोलली नाहीस; पण मी शाळेतही तेच सांगितलं, आणि ते तिच्या घरी पोचलं. ती शाळेत यायची बंद झाली.

त्या रविवारी पहाटे तू पुस्तक उघडलंस. फादर आदल्या संध्याकाळीच आले होते. मी त्यांच्यापाशी पापांगीकार केला होता, "मी खोटं बोलले" एवढ्या तीन शब्दांत. तू वाचलंस, पुस्तक मिटलंस आणि माझी वेणी घालता घालता म्हणालीस, "मग आज काय करायचं? तुझ्याविषयी कुणाच्या मनात काही आहे का गं?" वेणी अर्धी झाली होती. मी रडायला लागले आणि सगळं सांगितलं.

तू मला मारलं नाहीस. वेणी पुरी केलीस, रिबन बांधलीस. फादर म्हणाले, "बाई, लेकरू आहे. उद्या जा की. मी पुन्हा दोन महिन्यांनी येणार."

"फादर, थोड्या वेळानं तुम्हीही हेच वाचणार," तू म्हणालीस. "त्यात उद्या कुठं आहे?"

फादर थोडं हसले. चारच्या गाडीनं जातो, तोवर आलात तर दोघींना ख्रिस्तशरीर देईन, म्हणाले.

आपण मोहल्ल्यात गेलो. दारात तिची आई. "ती हितं न्हाई," एवढंच बोलली, मग हळूच म्हणाली, "बापानं लई मारलं. म्हून ओतूरला नानीकडं धाडली." तू माझ्याकडे पाहिलंस. तुझा चेहरा तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. तुला माझी लाज वाटत होती, आई, आणि तरी हात सोडला नव्हतास.

ओतूरची एसटी मिळाली. ती नानीच्या अंगणात धान्य निवडत होती, मला बघून उठली नाही. मी जे काय बोलायचं ते पांढऱ्या फ्रॉकात उभी राहून बोलले. नानी म्हणाली, "पोरींचं काय मनावर घ्यायचं, बाई! एवढ्यापायी लांबून आलात?" पण मैत्रीण म्हणाली, "मला सांगून काय? अब्बाला सांग." नानीनं भाकरी वाढली. भुकेपोटी मी दोन खाल्ल्या. तू स्वतः मात्र घेतली नाहीस. ख्रिस्तशरीर घ्यायचं तर मध्यरात्रीपासून काही खायचं नाही, असा तेव्हा नियम होता; माझा तो तिथंच मोडला, पण चारच्या आत पोचायची तुला अजून आशा होती.

नानीनं तिलाही आपल्याबरोबर धाडलं. परतीची गाडी उशिरा आली. जुन्नरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. आपल्या घराकडे न वळता तू आधी मोहल्ल्याकडेच चाललीस. तिच्या अब्बांसमोर मी सांगितलं. शेजारची माणसं ऐकत होती. त्यांच्या हाताला लगद्याचा ओलावा होता, तो त्यांनी कुडत्याला पुसला आणि आपल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग बराच वेळ तो तिथंच राहिला. तिनं मान वर केली नाही, पण हात झटकलाही नाही.

दोन महिन्यांनी फादर आले तेव्हा मला ख्रिस्तशरीर मिळालं. ती दारात बसून बघत होती. नंतर तिनं विचारलं, "गोड असतं का?" मी म्हटलं, "नाही गं, कागदासारखं." आम्ही दोघी इतक्या हसलो की तू डोळे वटारलेस.

पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला ठाऊक नाही, तेव्हा हे तुझ्या त्या शुभवर्तमानाच्या पुस्तकातच राहील. पण एक राहिलंय. त्या संध्याकाळी तू तिच्या आईशी बोलत बसलीस तेव्हा मी तिथल्या बाजेवर झोपले होते. तू मला उचललंस, खांद्यावर घेतलंस आणि घरापर्यंत नेलंस. दिवसभराची उपाशी होतीस. वाटेत दोनदा थांबलीस, तुझा श्वास माझ्या कानाशी लागत होता. मी झोपले नव्हते, आई. मला चालता येत होतं. पण तू मला अजून उचलून घेतेस का, तेवढंच बघायचं होतं.