काळे चिंचोके

बाबा, वहिनी परवा गेली. तिच्या कपाळी कुंकू लावायचं की नाही यावर बायकांची कुजबुज सुरू झाली आणि मला ती दुपार आठवली. तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की माझेच केस पिकलेत.

उत्तरेत भूकंप झाला तेव्हा रत्नागिरीत पानही हललं नव्हतं. दादा तिकडच्या तारऑफिसात नुकताच बदलून गेला होता, वहिनी आपल्याकडेच होती. तुम्ही इथल्या तारऑफिसातून आलात ते थेट पडवीत बसलात आणि सारवलेल्या जमिनीवर फोडलेले चिंचोके मांडलेत. एक चिंचोका म्हणजे तिकडचं एक तारऑफिस. मुंबईमार्फत ज्याचं उत्तर आलं त्याची पांढरी बाजू वर, ज्याचं आलं नाही त्याची काळी. रोज नव्या धक्क्यांच्या तारा यायच्या आणि काल पांढरं असलेलं ठाणं आज काळं व्हायचं. ते काळं आपल्याकडे सरकत येतंय असं मला वाटायचं. केर काढताना मी तिथे केरसुणी लागू देत नव्हते. वहिनी त्यातल्या एकाच चिंचोक्याकडे बघत बसायची, आणि तो काही पांढरा होत नव्हता.

मग एका दुपारी तार आली. दादाचं ऑफिस पहिल्याच धक्क्यात बसलं होतं, आतलं कुणी वाचलं नव्हतं. ती तुम्ही शिपायाबरोबर घरी पाठवलीत, स्वतः आला नाहीत. आईने मला तुम्हाला आणायला पिटाळलं. आपण पोचलो तेव्हा शेजारणी वहिनीच्या बांगड्या फोडायला जमल्या होत्या. तुम्ही धापा टाकत मधे उभे राहिलात.

"तिच्या कपाळाला कोणी हात लावायचा नाय," म्हणालात. "आत्ता बोललो मी त्याच्याशी. इचारत होता, घरात सगळी बरी आहात ना?"

तारवाल्याचा यंत्रावरचा हात माणसाच्या आवाजासारखा ओळखू येतो, असं तुम्ही नेहमी सांगायचात. दादा शेवटचा ठोका लांब ओढायचा. शिकवताना त्यावरून तुम्ही त्याला किती बोलला होतात. त्या ओढण्यावरूनच ओळखला, म्हणालात. उत्तरेची तार आपल्या यंत्रावर सरळ येत नाही हे आईलाही ठाऊक होतं. पण बापाने देवाची शपथ घेतल्यावर बोलणार कोण? सुतक धरलं नाही. वहिनी हळदीकुंकवाला जात राहिली, आणि खाडीपलीकडच्या भाट्यापर्यंत लोक मागून बोलत राहिले. मला तुमचा रागही यायचा. तरण्या बाईला तुम्ही जन्मभर वाटेकडे डोळे लावून बसवलंत. पण कुंकू तिला शोभायचं, हेही खरं.

परवा मी तिचा मळवट भरला. बायकांना म्हटलं, बाबांनी ऐकलं होतं.

हे पत्र टाकणार तरी कुठे? तरी सांगते. तुम्हाला आणायला आले तेव्हा मी ऑफिसच्या दारात थोडा वेळ उभी होते. यंत्र गप्प होतं. तुमचे डोळे मिटलेले होते आणि टेबलावर तुमचंच बोट वाजत होतं. पण शेवटचा ठोका ते ओढत होतं, आणि तुमचा हात तसा कधीच नव्हता, बाबा.