बिनविरोध

प्रिय उत्तरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी हे फाडायलाच निघशील. फाड, पण वाचून. दर्शनाच्या हाती देतोय. आमच्याच मजल्यावर राहते, दुपारच्या शिफ्टला डोंबिवलीला जाते. तिला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तिला निवडली.

तू अपक्ष अर्ज भरलास हे मला पेपरात वाचून कळलं. तुमच्या वॉर्डातला दवाखाना पाडून भाऊला तिथे लग्नाचा हॉल बांधायचाय आणि त्यासाठी त्याचा पुतण्या हर्षित नगरसेवक व्हायला हवाय. बाकीचे सगळे बसले, तू एकटी उरलीस. उद्या दुपारी तीनला अर्ज मागे घ्यायची मुदत संपते. तू बसलीस की हर्षित बिनविरोध. मग गुलाल, डीजे, आणि टेंभी नाक्यापासून तुमच्या डोंबिवलीपर्यंत दात काढलेले बॅनर.

काल भाऊ घरी आला होता. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात, माझ्या जिभेला ते अजून जमत नाही. बाळकुमच्या या टॉवरच्या लिफ्टमध्ये त्याची पोरं मावा थुंकली आणि सोसायटीचा सेक्रेटरी त्यांच्यासोबत सेल्फी काढत होता. भाषणात कुठे थांबायचं, कुठल्या म्हातारीच्या पाया पडायचं, हे ज्याला मी शिकवलं तो माझ्या सोफ्यावर मांडी घालून बसला आणि मलाच शिकवायला लागला. ड्रायफ्रूटचा डबा ठेवून गेलाय. दर्शनाला देऊन टाकायला गेलो, तीही नको म्हणाली. अजून चपलांच्या रॅकवर पडलाय.

मला लोक ठाण्याचा चाणक्य म्हणायचे आणि मी ते खुशाल ऐकून घ्यायचो. माझं खरं काम एवढंच होतं, समोरच्याला बसवायचं. पैसे देऊन कुणीही बसवतो. मी उमेदवाराकडे जायचोच नाही, ज्याला तो नाही म्हणू शकत नाही त्या माणसाकडे जायचो. डॉक्टर केदार आठवतात? तुझा गोवर त्यांनी बरा केला होता. ते उभे राहिले तेव्हा मी त्यांच्या आईकडे गेलो. स्वयंपाकघरात खाली बसून आमटी दोनदा मागून घेतली आणि निघताना सहज म्हणालो, एकुलता एक ना तुमचा, जपा हो. बस्स. याला धमकी कोण म्हणेल? दुसऱ्याच दिवशी अर्ज मागे. घरी येऊन तुझ्या आईला मी हे हसत हसत सांगितलं. सुहासिनीने लाटणं खाली ठेवलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, बायकांना यातलं काय कळतंय!

तिच्या तेराव्याला तू जे पाहिलंस ते मीही विसरलेलो नाही. बाहेर पंगत बसली होती आणि मी आतल्या खोलीत, तिच्याच पलंगावर, ताट मांडीवर घेऊन कल्याणच्या दोघांच्या तिकिटाचा वाद मिटवत होतो. तू दार उघडलंस, बघितलंस, परत लावून घेतलंस. माझा घास थांबला नाही. त्याच आठवड्यात तू घर सोडलंस. मला विधान परिषद हवी होती गं. दर वेळी पुढच्या वेळी, पुढच्या वेळी. ज्यांना मी आमदार केलं ते माझ्याशी बोलताना घड्याळ बघायला लागले, तरी मी त्यांच्या दारात उभाच. लाळ गाळणं म्हणतात ते हेच.

भाऊ म्हणाला, दादा, पोरगी तुमचा फोन नाय उचलत, पण हातानं लिहिलेलं वाचेल. छातीत दुखतं लिहा, एकटा पडलोय लिहा. परिषदेचं या वेळेला शंभर टक्के बघतो. त्याची शिसारी आलीच. पण त्याचं बोलणं संपायच्या आत माझ्या डोक्यात पत्राचं पहिलं वाक्य तयार झालं होतं, आणि ते चांगलं होतं. त्या क्षणी मला स्वतःची जी किळस आली ती अजून उतरलेली नाही.

ते पत्र मी आज सकाळी लिहून दिलं. नाही म्हणालो असतो तर ती माणसं तुझ्या नवऱ्याच्या, साकेतच्या, ऑफिसात गेली असती, नाहीतर तुझ्या सान्वीच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहिली असती. माझ्या पत्राच्या भरवशावर आता ती उद्यापर्यंत स्वस्थ राहतील. संध्याकाळी ते तुझ्या हातात पडेल. अक्षर माझं, सही माझी. फार छान उतरलंय. त्यात तुझ्या आईबद्दल लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण तिथे वापरलं, त्यामुळे आता ते तुला तोंडाने सांगायची सोय मी ठेवलेली नाही. ते घेऊन येणाऱ्या भाऊच्या माणसासमोर रड, विचार करते म्हण. मग फोन बंद करून साकेत आणि सान्वीसह शहाडला मावशीकडे जा. छातीत दुखतं हेही खोटं नाही. मला ॲडमिट केलंय असा कुणाचा तरी निरोप येईल, कदाचित तो खराही असेल. तरी येऊ नकोस. अर्ज मागे घेऊ नकोस. उद्या तीन वाजेपर्यंत तुझा बाप मेलाय असं समज. त्यानंतर यावंसं वाटलं, तर ये.

तुझाच,
बाबा