खिशातला फ्यूज

सोमवार, ४ मार्च १९६८

जिवल्याचे पाय आजही हलले नाहीत. डॉक्टरांनी तळव्याला सुई टोचली, त्याला कळलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता!

शुक्रवारपासून तेच डोक्यात फिरतंय. ट्रेनिंग शेडमधलं ते कपाट — कॉम्प्युटरला वीज पुरवणारं. आतली धूळ पुसायची होती. मी मेन बंद केला, फ्यूज उपसला, खिशात घातला. जिवल्यानं स्टुलावर चढता चढता नेहमीसारखं विचारलं, "फूज कुठं हाय, दादा?" मी खिशावर थाप मारली. मी वायरमन, तो माझा मदतनीस; चार वर्षं हेच चाललंय. खांबावर, बोर्डावर, कुठेही — फ्यूज माझ्या खिशात असला की तो बेधडक हात घालतो.

घातला. आणि उडाला! मागच्या लोखंडी मांडणीवर पाठ आपटली. तेव्हापासून कमरेखाली काही नाही.

वीज आली कुठून? फ्यूज तर माझ्या खिशात होता. अजून आहे.

मंगळवार, ५ मार्च

कामावर गेलो नाही. बायकोनं, सुगंधानं, दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं.

बुधवार, ६ मार्च

कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगच्या वर्गात मला काही कळत नाही. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

शिकवणारे साहेब मद्रासकडचे. बोलतात इंग्रजीत, फळ्यावर लिहितात इंग्रजीत. मी सातवी पास, तीही मराठी शाळेतून. इंग्रजी अक्षरं ओळखतो ती बोर्डांवर नावं रंगवून रंगवून. त्यामुळे फळ्यावरचं सगळं चित्र काढल्यासारखं उतरवून घेतो. वही सगळ्यांत देखणी माझीच! साहेबांनी एकदा वर धरून वर्गाला दाखवली होती. त्यानंतर कुठल्या तोंडानं विचारायचं? सगळे मला मिस्त्री म्हणतात. मिस्त्रीनं हात वर करायचा?

आज लाज सोडली. माझ्या बाकावर रामकिसन बसतो — परभणीकडचा, मॅट्रिक झालेला. त्याला म्हटलं, हे कपाट करतं काय ते मला पहिल्यापासून सांग. तो म्हणाला, तारेतून येणारी वीज मागेपुढे हेलकावते, कॉम्प्युटरला ती सोसत नाही. त्याला एकाच दिशेची, सपाट वीज लागते. म्हणून ट्रान्सफॉर्मर आधी ती हवी तेवढी करतो. मग डायोड तिला एकाच बाजूनं जाऊ देतात. तरी ती धडधडत येते. ती धडधड मोडायला कपॅसिटर — तांब्याएवढे ते चकचकीत डबे. वीज भरून ठेवतात, कमी पडली की सोडतात.

"भरून ठेवतात म्हणजे? मेन बंद केल्यावरसुद्धा?"

"मिस्त्री, नळ बंद केला म्हणून रांजण रिकामा होतो का?"

मी उठून बाहेर गेलो. पिंपाजवळ बराच वेळ उभा राहिलो. इतकं सोपं होतं! चार वाक्यांत कळण्यासारखं! आणि मी त्याला स्टुलावर चढवला.

शनिवार, ९ मार्च

चौकशी झाली. मुंबईहून आलेले मोठे साहेब मराठी होते. विचारलं, "मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते, हे तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही साहेब. कोणीही सांगितलं नाही."

खरंच बोललो. छातीवर हात ठेवून बोललो. आमचे साहेब कोपऱ्यात उभे होते. मोडक्या हिंदीत म्हणाले, "मैंने बोला था।" बाकीच्यांना विचारलं तर सगळे खाली बघायला लागले. एकजण म्हणाला, मिस्त्रींना आठवत नाही तर आम्हाला काय आठवणार! मोठ्या साहेबांनी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि कागद मिटला.

बाहेर आल्यावर बरं वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. चूक माझी नव्हती! ज्यानं शिकवायचं त्यानं शिकवलं नाही, तर माझ्यासारख्यानं काय करायचं?

रविवार, १० मार्च

बरं वाटणं दुपारपर्यंतच टिकलं.

सोमवार, ११ मार्च

एसटीनं पालघरच्या इस्पितळात गेलो. जिवल्या झोपला होता. त्याची बायको नवसी खाटेजवळ खाली बसून होती. मी नेलेली केळी तिनं बाजूला ठेवली. म्हणाली, "ह्यांचं एकच चाललंय. राब कोन भाजल, राब कोन भाजल."

डोंगरावरचा त्यांचा तो तुकडा. नाचणीच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची वेळ आता आली आहे. मी म्हटलं, मी येतो. ती हसली. "तुमाला नाय जमनार, भाव." मग हळूच म्हणाली, "ते सांगत व्हते, दादांनी खिशावं हात मारला, मंग मी घातला." 

तिनं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. परत येताना गाडीत रडलो, शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली.

गुरुवार, १४ मार्च

साहेबांना वर्गावरून काढलं. आता ते परत मद्रासला जाणार. त्यांच्या बायकोनं नुकतीच इथे दारासमोर शेवग्याची फांदी लावली होती, म्हणे.

नव्या माणसानं आज कपाट उघडून दाखवलं. मेन बंद केला. फ्यूज काढला — मी मागून घेतला, खिशात घातला. मग मीटर लावायला मलाच सांगितलं. काटा दोनशे ऐंशी व्होल्टवर! मेन बंद, फ्यूज माझ्याजवळ, आणि काटा दोनशे ऐंशीवर. हळूहळू उतरत होता. मी बघत राहिलो. शून्यावर यायला किती वेळ लागला! आधी रेझिस्टर — वीज जिरवणारा तुकडा — लावून कपॅसिटर रिकामा करायचा, मग मीटरनं बघायचं, मगच हात. बस्स. एवढंच होतं.

चार वर्षं मी त्या माणसाला खिसा दाखवला. मला वाटायचं, वीज म्हणजे माझ्या खिशातली गोष्ट.

रविवार, १७ मार्च

जिवल्या जागा होता. उशीला टेकवून बसवलं होतं. पाय तसेच. डॉक्टर आता नीट उत्तर देत नाहीत.

एकदम म्हणाला, "दादा, ते मद्रासी सायबाचं चुकलं म्हनत्यात. खरं हाय?"

"खरं आहे."

"मंग बरं." त्यानं डोळे मिटले. "मना वाटलं व्हतं, तुमचं चुकलं. रातभर तेच वाटायचं. आता नाय वाटत."

माझा हात धरून झोपला. मला हात सोडवून घेता येईना. साहेबांच्या नावानं मनात शिव्या दिल्या, खूप दिल्या. त्यानंही हलकं वाटलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

साहेब काल सकाळच्या गाडीनं गेले.

परीक्षेसाठी माझी जुनी वही रामकिसनपुढे धरली. म्हटलं, एकेक ओळ वाच आणि मराठीत सांग. तो वाचत गेला. २७ फेब्रुवारीच्या पानावर थांबला. मी म्हटलं, वाच की!

"मेन बंद केला, फ्यूज काढला, तरी कपॅसिटरमध्ये वीज राहते. तो रिकामा केल्याशिवाय हात लावू नका."

खाली दोन रेघा. साहेबांनी फळ्यावर दोन मारल्या होत्या, म्हणून मीही दोन मारल्या. पट्टीनं. बाजूनं चौकट केली आहे. जिवल्या पडला त्याच्या तीन दिवस आधी.

चौकशीत कोणी वही मागितली नाही. माझ्या शब्दावरच भागलं.

उद्या ही वही ऑफिसात द्यायची. त्याआधी पालघरला जाऊन जिवल्याला सांगायचं — नाही, खरं नव्हतं. तुला वाटत होतं तेच खरं होतं.

दहा वेळा पान उघडून बघितलं. अक्षर माझंच आहे. कुठे खाडाखोडसुद्धा नाही.